पुढचं वळण आणि परतीची वाट: जीपीएस घेण्याआधी

दरवर्षी पाऊस सरतो, वासोटा किल्ल्याची वाट खुली होते आणि साताऱ्यातल्या ओळखीच्या मंडळींचे फोन सुरू होतात. प्रश्न साधारण एकच असतो: "फोनमध्ये जीपीएस असताना वेगळं मशीन घ्यावं का? आणि घ्यायचं तर कुठलं?" याचं उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही, कारण विचारणाऱ्याच्या मनात दोन वेगळी कामं एकत्र झालेली असतात. गाडी चालवताना आपल्याला पुढचं वळण हवं असतं. डोंगरात, खरी गरज पडते तेव्हा, आलेली वाट हवी असते. पुढचं वळण नीट सांगणारं यंत्र आलेली वाटही नीट सांगेल असं नाही. हा फरक एकदा डोक्यात बसला की खोक्यावर छापलेल्या गोष्टींपैकी कशाला किती महत्त्व द्यायचं ते आपोआप ठरतं. म्हणून आधी हे यंत्र काम कसं करतं ते पाहू, खरेदीकडे मग वळू.

ठिपका वेगळा, नकाशा वेगळा

सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढून टाकतो. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. सिमकार्ड लागत नाही, रेंज लागत नाही, महिन्याचं भाडं भरावं लागत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाकला तरी तो आपली जागा शोधू शकतो. इंटरनेट लागतं ते नकाशाला. वासोट्याला जाणारी लाँच बामणोलीहून निघाली आणि शिवसागर जलाशयात आत आत शिरली की फोनवरचा निळा ठिपका सरकत राहतो, पण त्याच्याखालचा नकाशा जाऊन नुसत्या राखाडी चौकटी उरतात. ठिपका उपग्रहांकडून येतो. नकाशा घरून निघताना आपण फोनमध्ये उतरवून घ्यायचा राहून गेलेला असतो.

हा ठिपका ठरतो कसा? अमेरिकेच्या जीपीएसचे तीसेक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात, प्रत्येकाची एक फेरी साधारण बारा तासांची. प्रत्येक उपग्रह अखंड दोन गोष्टी सांगत असतो: मी आत्ता कुठे आहे आणि माझ्या घड्याळात किती वाजलेत. आपल्या हातातलं यंत्र ते फक्त ऐकतं, वर काहीही पाठवत नाही.

वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आपण लहानपणी आकडे मोजायचो, तेच गणित इथे आहे. तीन सेकंद लागले तर वीज साधारण एक किलोमीटरवर. जीपीएसमध्ये आवाजाच्या जागी रेडिओ लहरी असतात आणि त्या सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात, त्यामुळे उपग्रहाचा निरोप खाली पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. निरोप निघाला कधी आणि पोचला कधी, यावरून अंतर निघतं.

आता समजा, तुम्हाला साताऱ्यात कुठेतरी डोळे बांधून उभं केलंय आणि अजिंक्यताऱ्यापासून तुमचं अंतर किती एवढंच सांगितलंय. मग तुम्ही अजिंक्यताऱ्याभोवती काढलेल्या एका वर्तुळावर कुठेही असू शकता. यवतेश्वरापासूनचं अंतरही कळलं तर दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात. जरंडेश्वरापासूनचं कळलं की एकच जागा उरते. या हिशेबाने तीन उपग्रह पुरायला हवेत, पण प्रत्यक्षात चार लागतात, आणि याचं कारण आहे घड्याळ. उपग्रहात अणुघड्याळ असतं, आपल्या यंत्रात मात्र मनगटी घड्याळासारखा क्वार्ट्झचा तुकडा. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर तीनशे मीटरने चुकतं. चौथ्या उपग्रहाच्या आधाराने यंत्र स्वतःच्याच घड्याळाची चूक शोधून काढतं. मला या सगळ्या रचनेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते: स्वस्तातलं घड्याळ चार महागड्या घड्याळांशी ताडून पाहायचं आणि त्यातून आपली जागा मिळवायची. वरची घड्याळंही सरळ चालत नाहीत. आइनस्टाइनच्या सापेक्षतेमुळे ती पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. ही दुरुस्ती केली नसती तर एका दिवसात दहा किलोमीटरच्या वर चूक साठली असती.

२००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्यांसाठीच्या संदेशात मुद्दाम खोट घालत असे. त्यामुळे चूक शंभर मीटरपर्यंत जायची. २ मे २००० ला ती खोट बंद झाली, आणि आज मोकळ्या आकाशाखाली साधा फोनसुद्धा पाचेक मीटरच्या आत जागा सांगतो. आता जीपीएसच्या जोडीला रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेईदोऊ आणि आपली नाविक या यंत्रणाही आहेत. नाविकची रचना सात उपग्रहांची असून तिचा आवाका भारत आणि भोवतालचा सुमारे दीड हजार किलोमीटरचा टापू एवढा आहे. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात भारतात बनवलेलं रुबिडियम अणुघड्याळ बसवलं आहे.

बाबूकड्याचा प्रतिध्वनी

वासोट्यावर गेलेल्या प्रत्येकाने बाबूकड्यासमोर उभं राहून हाक मारलेली असते. ती हाक कड्यावर आपटून उशिरा परत येते. उपग्रहाच्या संदेशाचं डोंगरात नेमकं हेच होतं. सरळ आलेल्या लहरीबरोबर कड्यावर आपटून आलेली लहरही यंत्राला ऐकू येते. ती लांबून वळसा घालून आलेली असल्यामुळे अंतर खऱ्यापेक्षा जास्त निघतं आणि ठिपका पन्नास-शंभर मीटर बाजूला सरकतो.

दुसरी अडचण घळीत येते. ओढ्याच्या तळात डोक्यावर आकाशाची एक चिंचोळी पट्टी तेवढी दिसते, म्हणजे दिसणारे सगळे उपग्रह एकाच ओळीत येतात. अजिंक्यतारा, यवतेश्वर आणि जरंडेश्वर वेगवेगळ्या दिशांना आहेत म्हणून वर्तुळं स्वच्छ छेदतात. तिन्ही एकाच बाजूला शेजारी शेजारी असते तर ती एकमेकांवर घसरली असती आणि नेमका बिंदू सापडला नसता. तिसरी अडचण ओल्या झाडीची. वरून येणारा संदेश मुळातच अतिशय क्षीण असतो आणि कोयनेच्या रानातली पावसात भिजलेली पानं तो आणखी पिऊन टाकतात.

म्हणून यंत्र घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ते जीपीएसशिवाय आणखी किती यंत्रणांचे उपग्रह ऐकतं. जितके जास्त उपग्रह, तितकी घळीतल्या चिंचोळ्या आकाशात चांगल्या दिशांचे चार मिळण्याची शक्यता जास्त. दुसरी, ते दोन वारंवारितांवर ऐकतं का. खोक्यावर 'ड्युअल फ्रिक्वेन्सी' किंवा 'मल्टी-बँड' किंवा 'एल१ + एल५' असं लिहिलेलं असतं. एल५ हा नवा संदेश जास्त बारीक खुणांचा असल्याने खरी हाक आणि प्रतिध्वनी वेगळे करणं त्यात सोपं जातं. कड्याकपारीत फरक दिसतो. मोकळ्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, किंवा महामार्गावर तुम्हाला तो जाणवणारही नाही, आणि बॅटरी मात्र जास्त जाते.

पडद्यावर दिसणारा 'अचूकता ३ मीटर' हा आकडा यंत्राचा स्वतःबद्दलचा अंदाज असतो. प्रतिध्वनीने फसलेलं यंत्र तोच आकडा तितक्याच आत्मविश्वासाने दाखवू शकतं.

गाडीसाठी

इथे मी फार वेळ घेणार नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी काचेवर चिकटवायची नकाशा-यंत्रं आपल्याकडे विकली जायची, गार्मिनची आणि मॅपमायइंडियाची. फोनने तो बाजार जवळजवळ संपवला आणि माझ्या मते ते योग्यच झालं. गाडीत वीज कमी पडत नाही, रस्त्याकडेला बहुतेक ठिकाणी रेंज असते, आणि कुठला घाट बंद आहे, कुठे गर्दी आहे ही ताजी माहिती इंटरनेटवरूनच येते. २०२० च्या ऑक्टोबरपासून मोटार वाहन नियमांनीही गाडी चालवताना केवळ रस्ता पाहण्यासाठी फोन वापरायला मुभा दिली आहे, अट अशी की चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होता कामा नये. म्हणजे फोन हातात धरायचा नाही, पक्क्या होल्डरमध्ये बसवायचा, आणि पत्ता गाडी सुरू करण्याआधी टाकायचा.

तरीही गाडीतल्या जीपीएसच्या दोन खोड्या ठाऊक असाव्यात. पाच मीटरची चूक गाडीत आपल्याला दिसत नाही, कारण नकाशाचं ॲप ठिपका उचलून जवळच्या रस्त्यावर ठेवतं. ही सोय महामार्गावर उलटते. पाचवडला वाईकडे वळायच्या बेताने तुम्ही सेवा रस्त्याला उतरता, पण ॲपच्या मते तुम्ही अजून वरच्या मुख्य रस्त्यावरच असता, कारण दोन्हींमध्ये अंतर काही मीटरचंच आहे. पाटी वाचायची, ॲपमधून बोलणाऱ्या बाईंचं ऐकायचं नाही. दुसरी खोडी बोगद्याची. साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात शिरलं की उपग्रह तुटतात. त्यानंतर ॲप मागच्या वेगावरून अंदाजाने गाडी पुढे सरकवतं, आणि बोगद्यातून बाहेर पडल्यावर काही क्षण ते चुकीच्या जागी असू शकतं.

तिसरी गोष्ट खरं तर सेटिंगची आहे. 'सर्वांत जवळचा रस्ता' हा पर्याय सह्याद्रीत निवडू नये. पाटणहून चिपळूणला कुंभार्ली घाट आणि महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाट हे सरळ रस्ते झाले, पण त्यांच्या आजूबाजूला नकाशावर रेघ म्हणून दिसणाऱ्या कितीतरी वाटा प्रत्यक्षात जीपसुद्धा जाणार नाही अशा आहेत. कच्चे रस्ते टाळण्याचा पर्याय सुरू ठेवा आणि घाटाचा टापू निघण्याआधी फोनमध्ये उतरवून घ्या. मे महिन्यात काचेमागे तापून फोन बंद पडतो, तेव्हा होल्डर एसीच्या झरोक्यापाशी लावला तर बरं.

डोंगरासाठी

चाळकेवाडीच्या सड्यावरची गोष्ट सांगतो. जुलै महिना होता. मी आणि माझा थोरला चुलतभाऊ आप्पा, दोघंच. पवनचक्क्यांजवळ रस्त्याकडेला गाडी लावली आणि कड्याच्या कडेकडेने दोन तास चालत गेलो. परत फिरायच्या वेळी धुकं उतरलं. पवनचक्क्या दिसेनाशा झाल्या, नुसता पात्यांचा आवाज येत राहिला, आणि तोही एकदा डावीकडून, एकदा मागून. सड्यावर सगळा कातळ, त्यावर पायवाट उमटत नाही. फोन पाण्याने निथळत होता, बोट लावलं की पडदा भलतीकडेच उडी मारायचा. माझ्याकडे मित्राकडून मागून आणलेलं बटणांचं हातातलं जीपीएस होतं, आणि निघताना मी त्यात गाडीची जागा खूण म्हणून साठवली होती. ती निवडली. यंत्राने बाण दाखवला आणि अंतर लिहिलं, ९०० मीटर.

"आप्पा, जवळच आहे. सरळ जायचं."

आप्पा दोन पावलं पुढे जाऊन थांबला. "सरळ काय हाय? पाण्याचा आवाज खालनं येतोय. पुढं घळ हाय."

घळच होती. येताना आम्ही तिला मोठा वळसा घालून आलो होतो, आणि बाण मात्र तिच्यावरून सरळ पलीकडे दाखवत होता. यंत्राची त्यात काही चूक नव्हती. 'इथे चल' असं सांगितल्यावर ते दोन बिंदूंमधली सरळ रेघ काढतं, मध्ये दरी आहे की शेत, याचा विचार त्यात नसतो. सह्याद्रीत वरच्या सड्यावरून खालचं कोकणातलं गाव सरळ रेषेत दोन-तीन किलोमीटरवर दिसतं, आणि मध्ये शेकडो मीटरचा कडा असतो.

मग मी दुसरी गोष्ट उघडली. यंत्र सकाळपासून दर काही सेकंदांनी आमची जागा नोंदवत आलं होतं. या नोंदीला ट्रॅक म्हणतात आणि तीच रेघ उलटी धरून परत येण्याला ट्रॅकबॅक. आमचं परतीचं अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास भरलं. त्या रेघेवर चालत राहिलो आणि गाडी अगदी समोर आली तेव्हाच दिसली.

त्या दिवसापासून डोंगरासाठी यंत्र निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: भिजलेल्या, गारठलेल्या हाताने, धुक्यात, हे मला आलेल्या वाटेने परत नेईल का? बाकी सगळं त्यानंतर.

या प्रश्नातून बटणं येतात. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथे स्पर्शाने चालणारा पडदा थेंबालाही बोट समजतो. पावसाळ्यात भटकणार असाल तर बटणांचं यंत्र घ्या. पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आयपीएक्स७ हवा. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत पाणी शिरणार नाही. पडदा उन्हात वाचता आला पाहिजे, म्हणून दुकानात ट्यूबलाइटखाली पाहून ठरवू नका, बाहेर उन्हात नेऊन पाहा. हातातल्या यंत्रांचे पडदे लहान आणि फिके दिसतात, पण ऊन जितकं प्रखर तितके ते स्पष्ट होतात. फोनच्या पडद्याचं नेमकं उलटं होतं.

त्याच प्रश्नातून बॅटरी येते. गार्मिनच्या ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स या यंत्रांना दोन पेन्सिल सेल लागतात आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ते २५ तास चालतात. पेन्सिल सेल गावातल्या किराणा दुकानातही मिळतात, हा आपल्याकडे मोठा आधार आहे. आतच बसवलेल्या बॅटरीची नवी यंत्रं, उदाहरणार्थ जीपीएसमॅप ६७, एका चार्जवर साध्या पद्धतीने १८० तास चालतात असं कंपनी सांगते. आठवडाभराच्या मोहिमेला ते सोयीचं, पण एकदा उतरली की चार्ज करायलाच हवी. रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे सेल वापरणार असाल तर यंत्रात सेलचा प्रकार तसा निवडा, नाहीतर बॅटरीची रेघ खोटी दिसते.

अँटेनाबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. काही यंत्रांच्या डोक्यावर जाड बोटासारखा उंचवटा असतो. त्यात पीळ दिलेली अँटेना असते आणि ते यंत्र उभं धरलं की सगळ्यात चांगलं ऐकतं. ईट्रेक्ससारख्या चपट्या यंत्रांत चौकोनी पट्टीची अँटेना असते, ती आडवी, आकाशाकडे तोंड करून धरायची. दोन्ही प्रकार सॅकच्या तळात, पाण्याच्या बाटलीखाली दाबून ठेवले तर ट्रॅक वेडावाकडा होतो. खांद्याच्या पट्ट्याला वरच्या बाजूला अडकवा.

उंचीमापक आणि होकायंत्र असलेलं यंत्र थोडं महाग पडतं. ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स यांच्यात मुख्य फरक हाच आहे. होकायंत्र नसलेल्या यंत्राला तुम्ही कुठे आहात ते कळतं, पण तुमचं तोंड कुठे आहे ते तुम्ही चालू लागल्याशिवाय कळत नाही. धुक्यात उभं राहून दिशा पाहायची असेल तर होकायंत्र लागतंच, आणि सेल बदलले की ते गोल फिरवून जुळवून घ्यावं लागतं. उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो. दाब एक मिलिबारने बदलला की उंची आठ-नऊ मीटरने बदललेली दिसते, त्यामुळे पावसाळी हवेत तुम्ही जागचे न हलताही तो तुम्हाला वर चढवतो. निघताना त्याला माहीत असलेली उंची द्यायची. माहुलीच्या सातारा रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली आहे, मी तिथे जुळवतो.

उपग्रहांवरून काढलेल्या उंचीची गंमत तर वेगळीच. यंत्र आधी एका गुळगुळीत, काल्पनिक पृथ्वीपासून उंची मोजतं, आणि आपल्या भागात खरी समुद्रसपाटी त्या काल्पनिक पृष्ठाच्या साठ मीटरहून अधिक खाली आहे. चांगली यंत्रं ही दुरुस्ती आपोआप करतात. फोनवरची काही ॲप करत नाहीत, म्हणून कोकणात समुद्राच्या वाळूत उभं राहून पाहिलं तर ती उणे साठच्या पुढचा आकडा दाखवतात. किल्ल्याची उंची साठ-सत्तर मीटर कमी दिसली तर कारण बहुधा हे.

नकाशा कुठून आणायचा

अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याकडून मशीन मागवलं तर त्यात नकाशा अमेरिकेचा येतो. भारताचा नकाशा वेगळा घ्यावा लागतो, किंवा ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेला मोफत नकाशा त्यात भरावा लागतो. ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली सुरू झालं आणि ते लोकच भरतात. सह्याद्रीतल्या पायवाटा त्यात बऱ्यापैकी आहेत, कारण भटक्यांनी त्या स्वतः चालून नोंदवल्या आहेत. पण म्हणूनच ते विषम आहे: प्रसिद्ध किल्ल्याची वाट पायरीपर्यंत बारकाईने, आणि शेजारच्या डोंगरावर कोरी जागा.

समोच्च रेषांबद्दल एक गोष्ट जिवावरची आहे म्हणून थांबून सांगतो. मोफत नकाशांतल्या उंचीच्या रेषा बहुतेक वेळा २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने केलेल्या मोजणीवरून काढलेल्या असतात. त्या मोजणीत जमिनीचे तीस किंवा नव्वद मीटरचे चौकोन आहेत आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची. सह्याद्रीचा कडा मात्र दोन पावलांत तुटतो. तो कडा अशा नकाशावर जरा तीव्र उतार म्हणून दिसतो आणि अरुंद नाळ, म्हणजे कड्यातली चिंचोळी घळ, तर दिसतच नाही. रेषा विरळ दिसतात म्हणून उतरता येईल असं कधीही धरून चालू नका. सर्व्हे ऑफ इंडियाचा पन्नास हजारांत एक प्रमाणाचा नकाशा यात जास्त विश्वासाचा. जुना छापील नकाशा हाताशी असेल तर एवढं लक्षात असू द्या की तो पृथ्वीच्या आकाराच्या 'एव्हरेस्ट' नावाच्या जुन्या मापावर आधारलेला आहे आणि जीपीएस 'डब्ल्यूजीएस-८४' या नव्या मापावर. आपल्या भागात दोन्हींत शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. यंत्राच्या सेटिंगमध्ये नकाशाचं माप बदलता येतं, आणि काम झालं की ते परत डब्ल्यूजीएस-८४ वर आणायचं.

दुसऱ्याने नोंदवून पाठवलेल्या ट्रॅकच्या, म्हणजे जीपीएक्स, फायली आता व्हॉट्सॲपवर सहज फिरतात. त्या घ्या, पण कुठल्या महिन्यात चालून नोंदवल्या ते विचारा. फेब्रुवारीत कोरडा असलेला ओढा ऑगस्टमध्ये ओलांडता येत नाही. शिवाय कोयना अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते, कुणाची फाईल तिथून जाते म्हणून ती वाट खुली ठरत नाही.

मग फोन पुरेसा आहे का?

अजिंक्यतारा, यवतेश्वर, सज्जनगड, कासचा रस्ता, अशा दिवसाभराच्या आणि माणसांच्या वाटांना फोन पुरतो. ऑस्मअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्ससारखं ॲप घेऊन सातारा जिल्ह्याचा नकाशा घरी वायफायवर उतरवा. गुगलचा उतरवलेला नकाशा नेटशिवाय गाडीचा मार्ग सांगतो, पायी चालण्याचा सांगत नाही. ट्रॅकची नोंद निघतानाच सुरू करा, हरवल्यावर सुरू करून उपयोग नसतो. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, कारण रेंज नसलेल्या ठिकाणी टॉवर शोधण्यातच त्याची बॅटरी सर्वांत जास्त जाते. आणि रेंज असतानाच, म्हणजे बामणोलीला लाँचमध्ये बसण्याआधी, नकाशा उघडून ठिपका येऊ द्या. उपग्रहांचं वेळापत्रक फोन इंटरनेटवरून पटकन घेतो. ते नसेल तर त्याला थेट उपग्रहांकडून हळूहळू ऐकावं लागतं, आणि संपूर्ण वेळापत्रक तसं यायला साडेबारा मिनिटं लागतात. नवीन हातातलं यंत्रसुद्धा पहिल्यांदा सुरू केल्यावर मोकळ्या मैदानात पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवावं.

दोन-तीन दिवसांची जंगलातली वाट असेल, पावसाळा असेल, किंवा तुम्ही दहा जणांना घेऊन जाणार असाल, तर वेगळं यंत्र घ्या. ते चांगल्या फोनइतकं महाग पडतं, म्हणून चार मित्रांत मिळून घेतलं तरी चालेल. जीपीएसची घड्याळं ट्रॅक नोंदवायला चांगली आहेत, पण त्यांच्या एवढ्याशा पडद्यावर नकाशा वाचून धुक्यात निर्णय घेणं मला पटत नाही.

परदेशातून मागवताना एक काळजी अवश्य घ्या. काही यंत्रं उपग्रहामार्फत संदेशही पाठवतात, त्यांवर एसओएसचं बटण असतं. अशी यंत्रं आणि सॅटेलाइट फोन भारतात सरकारी परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे, आणि विमानतळावर परदेशी प्रवाशांना यावरून ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या आहेत. केवळ ऐकणाऱ्या साध्या जीपीएसला ही अडचण नाही. नावात 'इनरीच' असेल तर भाच्याला सांगा, हे नको, दुसरं बघ.

मदत बोलवायची वेळ आली तर ११२ ला किंवा बचाव पथकाला आकडे कसे सांगता, यावर सगळं अवलंबून असतं. सातारा साधारण १७ अंश ४१ मिनिटं अक्षांशावर आहे. तेच कुणी '१७.४१' असं लिहून घेतलं तर जागा सुमारे तीस किलोमीटर दक्षिणेला सरकते, म्हणजे पथक उंब्रजच्या आसपास शोधू लागेल. अंशाला साठ मिनिटं असतात, त्यामुळे ४१ मिनिटं म्हणजे दशांशात ०.६८. यंत्रात आणि फोनमध्ये दशांश अंश हीच पद्धत लावून ठेवा आणि सांगताना "सतरा, दशांश चिन्ह, सहा, आठ" असं एकेक अंक उच्चारून, दशांशानंतर निदान चार अंक सांगा. चौथा अंक साधारण अकरा मीटरचा असतो.

घेतलेलं यंत्र आधी अजिंक्यताऱ्यावर न्या. पायथ्यापासून ट्रॅक सुरू करा, वर तटावरून पूर्ण फेरी मारा, एका बुरुजावर खूण साठवा, आणि उतरताना ट्रॅकबॅक लावून बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बुरुजावर उभं राहून कालची खूण किती मीटरवर दिसते ते पाहा. तटाच्या कडेला रेघ कुठे बाहेर फेकली गेली, झाडीत कुठे तुटली, ते घरी मोठ्या पडद्यावर बघा. दोन फेऱ्यांत बटणं बोटांना पाठ होतात, आणि मग हातमोजे घालून, पडद्याकडे न पाहता ट्रॅकबॅकपर्यंत पोचता येतं का, ते एकदा करून बघा.